वानवळ्याचा रकाना

पिंपळगाव राजा,
६ जुलै २०२४

आदरणीय आत्याबाईंस,
अर्पिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही आणि तारीख आधी घातली आहे. चुका असतील त्यांवर लाल शाई फिरवून कागद परत पाठवावा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मनातलं ओरडून सांगता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. बाबा म्हणतात, मोताळा काही विलायतेत नाही, बसमध्ये बसली की दुपारी आत्याच्या घरी. पण आता मला रोज सकाळी घरी थांबावं लागतं. ते का, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

आपल्या पुढच्या खोलीत, जिथे तुम्ही शाळेच्या आधी दोन वर्षं मला पाटी घेऊन बसवलं, तिथे आता वजनकाटा आहे. खामगावच्या एका मोठ्या दुकानाने आपल्या गावातल्या नऊ जणींच्या शेतातली भाजी घ्यायचं ठरवलं आहे. त्यात एक शेत आपलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. ते कुठे लिहू नये असं करारात कलम आहे, आणि मी सही केली आहे. तुम्ही हसाल, पण सही ती सही. सकाळी सातला बाया भाजी आणतात. मी निवडते, तोलते, क्रेटमध्ये भरते. नऊला गाडी येते. दुकानात या भाजीची मांडणी वेगळी आहे म्हणे. वर 'शेतातून थेट' अशी पाटी आणि पाटीखाली आपल्या चांगुणाकाकूंचा मोठा फोटो. काकूंना तो मोबाइलवर दाखवला तर म्हणाल्या, मी त अशी दिसून राह्यली जशी कोनाशी भांडूनच आली.

सगळ्यांत खूश काकूच आहेत. साठी उलटली, गुडघे गेले. बाजारात दिवसभर उन्हात मांडी घालून बसणं त्यांना होत नव्हतं. आता चार घरं ओलांडली की भाजी पोचते.

मागच्या आठवड्यात दुकानाचा एक फॉर्म भरून दिला. प्रत्येक शेताबद्दल एक रकाना होता, शेतातला माल सध्या कोणाकोणाकडे जातो. मी तीन दिवस नऊ घरं फिरले. बाजार, स्टँडवरचं हॉटेल, हे तर सगळ्यांनी सांगितलं. पण पहिलं तोडणं वानवळा म्हणून आधी चार घरी जातं, मग स्वतःच्या चुलीवर, हेही प्रत्येकीने सांगितलं. मग तेही लिहिलं. नऊ शेतांचा वानवळा मिळून त्रेचाळीस घरी जातो, आत्याबाई. मलाही माहीत नव्हतं. आपल्या शेतापुढे तुमचंही नाव आहे: महामाया आत्याबाई, मोताळा, बरबटीच्या शेंगा, एक पिशवी, बसने.

आईचे गुडघे ठीक. बाबांनी तंबाखू सोडली असं ते म्हणतात.

लाल शाईसकट लोभ असू द्यावा.

तुमची,
अर्पिता

---

मोताळा,
१३ जुलै २०२४

चि. अर्पिता हिस,
महामायाचे मंगल आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन चुका आहेत, कागद सोबत आहे. तिसरी चूक लाल शाईची नाही, म्हणून इथे लिहिते.

तू नऊ-दहा वर्षांची असशील. जनगणनेचे मास्तर आले आणि त्यांनी घरात माणसं किती विचारलं. तू पुढे होऊन सहा सांगितलीस. त्यात मांजर धरली होतीस. वर मांजर गाभण आहे हेही सांगितलंस, कारण पुढच्या वेळेला आकडा चुकायला नको. मास्तर हसून गेले. पोरी, तुला विचारतात त्यापेक्षा जास्त खरं सांगायची सवय आहे. ती माझ्यामुळे लागली असेल तर मी कबूल करते. वर्गात ती शोभते.

वानवळा कशाला लिहिलास? त्यांनी माल विचारला होता. माल म्हणजे जो तोलतात. चांगुणाने शालूबाईच्या पदरात शेंगा टाकताना कधी तराजू काढला का? त्या रकान्यात तो बसत नाही. बसवला की काय होईल मला माहीत नाही, पण काहीतरी होईल. चाळीस वर्षं शाळेतले तक्ते भरले आहेत, त्या अनुभवाने म्हणते. तक्त्यात एकदा गेलेलं नाव परत माणूस होत नाही.

असो. डोळ्याचं दुसरं ऑपरेशन दिवाळीनंतर. शेजारची मुलगी वर्तमानपत्र वाचून दाखवते, पण मोठ्याने वाचायचं म्हणून फक्त मोठी अक्षरं वाचते. त्यामुळे जगात काय झालं एवढं कळतं, का झालं ते कळत नाही.

भाऊरावला सांग, तंबाखू सोडली तर दात घासून दाखव म्हणावं.

बरबटीची वाट पाहते. सगळ्यांवर माया आहेच, ती इकडून पुरून उरेल.

तुझी,
महामाया आत्या

---

पिंपळगाव राजा,
३ ऑगस्ट २०२४

आदरणीय आत्याबाईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मांजर मोजायची सवय अंगाशी आली.

दुकानाकडून भागवत म्हणून अधिकारी येतात. जळगाव जामोदचे, तिशीतले, बोलायला फार सौम्य. आले की आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, मग कामाचं. मंगळवारी ते माझीच यादी टाइप करून घेऊन आले. त्रेचाळीस नावं. वर मथळा होता, 'इतर ग्राहक'. मी म्हटलं, हे ग्राहक नाहीत, हे काही देत नाहीत. ते म्हणाले, ताई, माझी आईसुद्धा वानवळा वाटते, मला सांगायला नको. पण वरच्या ऑफिसला वानवळा कळत नाही, त्यांना गळती कळते. करारातलं नववं कलम त्यांनी बोट ठेवून दाखवलं. नोंदलेल्या शेतातला माल दुकानाखेरीज कुठेही जाणार नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर कोणी विचारलं नसतं, आता कागदावर आलं म्हणून बंद करावं लागेल, असं ते म्हणाले. रागाने नाही. उलट त्यांनाच वाईट वाटल्यासारखं. तुम्हीच लिहून दिलं ना ताई, एवढंच दोनदा म्हणाले.

आता दर शनिवारी मला एक निवेदन भरायचं आहे. नऊ शेतं, प्रत्येकापुढे एकच प्रश्न. या आठवड्यात माल इतरत्र गेला का, होय की नाही. खाली माझी सही. एखाद्या शेतापुढे दोनदा 'होय' आलं तर ते शेत वर्षभरासाठी यादीतून बाद. आणि निवेदन पाठवलंच नाही तर सोमवारी गाडी कोणाकडेच येणार नाही.

पहिल्याच आठवड्यात गुरुवारी चांगुणाकाकूंनी माझ्यादेखत शालूबाईला गवार दिली. शालूबाईला शेत नाही, नवरा नाही. ती लोकांच्या शेतात निंदायला जाते. काकूंच्या घरचं पहिलं तोडणं तिला जातं, हे मी जन्मापासून पाहते आहे. आज शनिवारी मी काकूंच्या शेतापुढे 'होय' लिहिलं. पाठवायच्या आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं. म्हणाल्या, हाव बाई, देल्ली त देल्ली, खोटं थोडी ल्ह्याचं. मग विचारलं, आता किती राह्यले. मी म्हटलं, एक. तर हसल्या आणि म्हणाल्या, लेकरू एका विषयात नापास झालं तरी वरच्या वर्गात घालतात म्हणे.

त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं.

नऊ घरी जाऊन मी सांगून आले की वानवळा थांबवा. सांगताना मी प्रत्येकीला कलम वाचून दाखवलं, म्हणजे त्यांना वाटू नये की मी मनचं सांगते आहे. एकीने विचारलं, मंग आता आमच्या घरचं पोरगं मामाच्या घरी रिकाम्या हातानं धाडू का.

तुमची बरबटी या वर्षी येणार नाही, आत्याबाई. आपलंही शेत यादीत आहे. मला माफ करावं.

लोभ कमी होऊ देऊ नये, ही आज खरीच विनंती.

अर्पिता

---

मोताळा,
११ ऑगस्ट २०२४

चि. अर्पिता हिस,
मंगल आशीर्वाद.

बरबटी आली नाही म्हणून मी काही मरत नाही. चावायला समोरासमोरचे दोनच दात उरलेत, त्यांचंही आपसांत पटत नाही. तेव्हा माफी वगैरे लिहून शाई घालवू नकोस.

मला सरळ उत्तरं हवी आहेत. करार किती महिन्यांचा आहे? नऊ जणींनी मिळून नको म्हटलं तर काय होतं? दुकान यायच्या आधी तुम्ही जेवत होतात की नाही? बाजार आहे, स्टँडवरचं हॉटेल आहे. तिथे परत जाता येत नाही का? वाटल्यास आमच्या मोताळ्याच्या बाजारात बघते. इथल्या दोन भाजीवाल्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. एक अजून मला पाहून कांद्याचा ढीग लपवते, पाढे विचारीन म्हणून.

आणि आणखी एक. त्या निवेदनावर तू सही करतेस ती कोणाच्या बाजूने? दुकान तुला पगार देतं, बाया तुला पोरगी म्हणतात. दोन्हीकडची खुर्ची एकच आहे, हे बसायच्या आधी बघायला हवं होतं. पण तुला रागावण्यात अर्थ नाही. तू आधीच स्वतःला माझ्यापेक्षा जास्त रागावली असशील.

जेवत जा. भाऊराव आणि अन्नपूर्णाला जयभीम. माझी आठवण काढताना उचकी लागेल एवढी काढावी.

तुझी आत्या

---

पिंपळगाव राजा,
२९ ऑगस्ट २०२४

आदरणीय आत्याबाईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देते.

करार मार्चअखेरपर्यंत आहे. नको म्हणता येतं, कोणी अडवणार नाही. पण म्हणून जायचं कुठे? बाजारात निंबाखाली आपल्या बाया बसायच्या ती रांग भरून गेली. आता तिथे कपडेवाला बसतो आणि पुढे टेम्पोतून भाजी आणणारे. काकू मागच्या बाजारी मुद्दाम बघून आल्या. वीस वर्षांची त्यांची जागा. तिथल्या मुलीने त्यांना म्हटलं, मावशी, गिऱ्हाईक अडतं, बाजूला उभ्या राहा. काकू हे हसत सांगतात, पण रोज सांगतात.

शिवाय दुकानाच्या सांगण्यावरून या हंगामात सगळ्यांनी एकाच जातीची लांब वांगी लावली. आधी प्रत्येकीच्या वावरात सात तऱ्हा असायच्या, थोडं थोडं. आता नऊ शेतांत तीच वांगी, एकाच मापाची. एवढी एकसारखी वांगी आपल्या बाजारात कोण घेईल? हॉटेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, मले रोज दोन किलो लागते, तुम्ही त लगन काढलं वांग्याचं. मोताळ्याचं तुम्ही मनापासून लिहिलंत, पण नऊ जणींची भाजी रोज बसने तिकडे नेणं होणार नाही.

सही कोणाच्या बाजूने करते, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

आता जे सांगते ते वाचून हसू नये. बायांनी यावर आपला उपाय काढला आहे. वानवळा बंद झालेला नाही. तो आपल्या घरामागच्या बोळातून, टोपलीवर फडकं टाकून जातो. पुढच्या खोलीची खिडकी त्या बोळावर उघडते, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी मला फडक्याखाली पडवळाचं टोक दिसलं. मी मान फिरवली. काकू आत आल्या आणि मला समजावल्यासारखं म्हणाल्या, तुले दिसलं नाही ना पोरी, मंग तू लिही नाही. पाह्यलंच नाही त खोटं कसं होईन.

तेव्हापासून कोणी बोळातून निघालं की आधी मोठ्याने ओरडतं, अर्पिता, खिडकी लाव वं, वारा सुटला. पान हलत नसतं, आत्याबाई. मी उठते आणि खिडकी लावते. एकदा तर शालूबाई स्वतःच घ्यायला आली होती आणि वारा सुटला म्हणायला विसरली. अर्ध्या बोळातून परत गेली, ओरडली, आणि मग पुन्हा आली.

तीन शनिवार मी नऊ वेळा 'नाही' लिहिलं. प्रत्येक शब्द खरा आहे. मी काहीच पाहिलेलं नाही. पण खिडकी माझ्याच हाताने लागते, आणि त्याचा रकाना निवेदनात नाही.

नळावर मी आता बोळातून जात नाही, लांबून वळसा घालून जाते. कोणाच्या ओट्यावर गेले की बोलणं थांबतं आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू होते. आधी कोणाकडे नवी भाजी शिजली की चव घ्यायला हाक यायची. आता हाक येत नाही. मला कोंडीत पकडायचं नाही म्हणून येत नाही, हे मला कळतं. खोलीत क्रेटचा वास कोंडतो. आई म्हणते, खिडकी तरी उघड. मी म्हणते, उघडते.

तुमच्या दोन दातांना जयभीम. ते भांडतात तोवर बरं आहे. लोभ ठेवावा, मी लायक आहे का ते न बघता.

अर्पिता

---

मोताळा,
७ सप्टेंबर २०२४

चि. अर्पिता हिस,
मंगल आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, तू नको म्हटलं होतंस तरी. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. लाल शाई या वेळी काढली नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. भाऊराव तेव्हा रांगत होता, मी दहा वर्षांची. तुझी आजी, म्हणजे माझी माय, चांगुणाच्या सासूच्या वावरात निंदायला जायची. चांगुणा तेव्हा लग्न होऊन यायची होती. शेंगा निघाल्या की आम्हालाही मिळायच्या, नाही असं नाही. पण सगळ्या घरी वाटून झाल्यावर, घराच्या मागच्या बाजूने, वरून पदरात टाकून. माय उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहायची. तो वानवळा नव्हता. तो कामाचा भाग होता, आणि त्यावर फडकं असायचं.

एका वर्षी चांगुणाच्या सासूला विषमज्वर झाला. घरचे जवळ जाईनात. मायने वीस दिवस तिचं सगळं केलं. ती बरी झाली. पुढच्या हंगामात बरबटीचं पहिलं तोडणं झालं त्या दिवशी भर दुपारी ती स्वतः टोपली डोक्यावर घेऊन निघाली. शेतातून आपल्या वस्तीत यायची पायवाट जवळची होती. ती त्या वाटेने आली नाही. मोठ्या रस्त्याने, चावडीवरून, सगळ्यांच्या समोरून आली. टोपली उघडी होती. लोक ओट्यांवरून बघत होते. आपल्या दारात येऊन तिने ती मायच्या हातात दिली. वरून टाकली नाही, हातात दिली.

मायने शेंगा काढून घेतल्या आणि रिकामी टोपली हातात धरून ती तशीच उभी राहिली. वानवळ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आणि घरात तेव्हा देण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिने मूठभर मीठ टोपलीत घातलं. मीठ कोणी हातात देत नाही, म्हणून टोपलीतच. चांगुणाच्या सासूने ते घरी नेलं, त्या दिवशीच्या डाळीत घातलं, आणि कोणाचं मीठ आहे ते जेवायला बसलेल्यांना सांगितलं. दोघं ताटावरून उठले म्हणे. ती उठली नाही.

त्यानंतर आपल्या घरी वानवळा पुढच्या दाराने आला.

हे तुला उपदेश म्हणून सांगत नाही. तुझी अडचण मला कळते. तुझ्या एका शब्दाने चांगुणाचं शेत जाईल, आणि तिचे गुडघे तुला माहीत आहेत. मी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. मी पेन्शनवर बसून उघडी टोपली सांगते, ते सोपं आहे. पण त्या टोपलीवर पुन्हा फडकं पडलं, तेही आपल्या खिडकीखालून, हे वाचून मला बरं वाटलं नाही. ते तुझ्यापासून लपवू कशी?

माया आहेच. ती खिडकी लावून थांबत नाही.

तुझी आत्या

---

पिंपळगाव राजा,
२८ सप्टेंबर २०२४

आदरणीय आत्याबाईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र पोस्टाने नाही, पिशवीसोबत येत आहे. पिशवी आधी उघडली असेल तर ती बाजूला ठेवून हे वाचावं.

पंधरा दिवसांपूर्वी भागवतसाहेब फार आनंदात आले. त्यांनी वरच्या ऑफिसशी भांडून वानवळ्याची वाट काढली होती. आता प्रत्येक शेताला महिन्यातून एकदा, एका घरी, पाव किलोपर्यंत भाजी देता येईल. त्याला नाव दिलं आहे 'सदिच्छा वाटप'. मात्र केंद्राची, म्हणजे आपल्या खोलीतल्या काट्यावरची, चिठ्ठी हवी. त्यांनी पन्नास चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं, कार्बनसकट. त्यांनी ते खरोखर आमच्यासाठी केलं होतं. मी आभार मानले. त्यांच्यासाठी आईने चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई आली. दारात आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. चपला काढल्या होत्या. म्हणाली, चांगुणाबाईच्या घरून गवार घ्याची हाय, एक चिठ्ठी देता का जी.

आत्याबाई, या बाईने मला न्हाऊ घातलं आहे. तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी म्हटलं, आत या, बसा. तर म्हणाली, नाही जी, हपीस हाय. आपल्या घराच्या उंबऱ्यापासून चार हात लांब ती हात जोडून उभी होती, आणि मी खुर्चीवर बसलेली, हातात पुस्तक. तुमचं पत्र कपाटात होतं. ते काढून वाचायची गरज पडली नाही.

मी चिठ्ठी फाडली नाही. उद्या या म्हटलं. ती गेली, आणि पहिल्यांदा कोणी वारा सुटला म्हणून ओरडलं नाही. चिठ्ठ्या आल्यामुळे आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

दोन दिवस मी बाबांशी आणि आईशी बोलले. दुसऱ्या कोणाच्या शेतापुढे मला काही लिहिता येत नाही, तो अधिकार माझा नाही. आपल्या शेतापुढे येतं. पण दोनदा 'होय' झालं की शेत यादीतून जाईल, आणि केंद्र यादीतल्याच घरी ठेवतात, म्हणजे माझं कामही जाईल, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, तू सांगशील तेवढ्या वेळा ऐकतो, पण वांगे तीन दिवसांनी तोडाच लागतील, ते कुठं न्यायचे ते पाहून ठेवू. आई एवढंच म्हणाली की जायचं तर मोठ्या रस्त्यानं जा.

सतरा तारखेला बरबटीचं तोडणं केलं. शेंगा टोपलीत घेतल्या आणि गाडी गेल्यावर, साडेनऊला निघाले. फडकं घेतलं नाही. चावडीसमोर दोघं-तिघं बसले होते. एकाने विचारलं, काऊन अर्पिता, गाडी चुकली का. मी म्हटलं, नाही, वानवळा आहे.

आधी शालूबाईकडे गेले. ती घरी नव्हती, निंदायला गेली होती. शेंगा तिच्या चुलीजवळ झाकून ठेवल्या. मग काकूंच्या दारात गेले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग टोपली, मग रस्ता. म्हणाल्या, अवं, तुले येड लागलं का, उजेडी. मी म्हटलं, आपल्या शेतातल्या आहेत, तुमच्या शेतावर काही येणार नाही. त्यांनी शेंगा सुपात काढून घेतल्या. आणि मग टोपली हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

घरात गवार होती, पडवळ होतं, दुधी होता. सगळं त्यांच्या वावरातलं. त्यातलं दाणाभरही टोपलीत पडलं असतं तर शनिवारी मला दुसरं 'होय' लिहावं लागलं असतं. त्यांना ते माहीत होतं. मला माहीत होतं. मी मान फिरवू शकले असते. या दोन महिन्यांत मान फिरवायची मला सवय झाली आहे. पण मी बघत राहिले. समोरच्या ओट्यावरून दोन बायाही बघत होत्या.

काकू आत गेल्या. डबे वाजले. बाहेर आल्या तेव्हा मुठीत मीठ होतं. माझ्या हातात दिलं नाही, टोपलीत टाकलं. म्हणाल्या, घे, हे काही मह्या वावरातलं नोय, दुकानातलं हाय.

त्यांच्या सासूबाईंनी त्यांना ती गोष्ट कधी सांगितली होती का, मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून विचारवलं नाही.

त्या शनिवारी खिडकी उघडी ठेवून निवेदन भरलं. चांगुणाकाकूंच्या शेतापुढे 'नाही'. आपल्या शेतापुढे 'होय', आणि शेजारी जागा नव्हती तरी लिहिलं, दोन घरी, बरबटीच्या शेंगा, मोबदला नाही, चिठ्ठी नाही. सोमवारी भागवतसाहेबांचा फोन आला. म्हणाले, ताई, पुस्तकातल्या दोन चिठ्ठ्या मागच्या तारखेच्या करून टाका, विषय मिटेल. मी म्हटलं, विचार करते. विचार केला. पुस्तक त्यांना परत पाठवलं, पन्नासच्या पन्नास.

आज पुन्हा शनिवार आहे. ही पिशवी सकाळच्या बसने निघेल. कंडक्टरला मी सांगितलं आहे, आत्याला ऐकू येत नाही, पिशवी हातातच द्या. निवेदन भरून झालं आहे. आपल्या शेतापुढे पुन्हा 'होय', आणि पुढे तुमचं नाव आणि पत्ता. फॉर्मवर तुमचं नाव मीच घातलं होतं, तेव्हा तिथे ते एकदा खरं व्हायला हवं.

सोमवारपासून काटा यादीतल्याच जयमालावहिनींच्या घरी जाईल. त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे की कागद त्या वाचणार नाहीत, फक्त सही करतील. त्यांच्या घराला बोळाकडे खिडकीच नाही. बायांना हे बरंच आहे. काकू मला म्हणाल्या, तू सुटली पोरी. मग म्हणाल्या, पण तू बसून होती तवा आमाले लाज तरी वाटे.

सुटले की नाही, मला सांगता येत नाही. आपल्या वांग्यांसाठी बाबांनी बाजारात जागा पाहिली. निंबाखाली नाही, नालीच्या कडेला, ऊन पडतं तिथे. सगळी वांगी एका मापाची आहेत, आणि घेणारे विचारतील, दुसरं काय आहे. पुढच्या हंगामात सात तऱ्हा लावू. तोवर मार्च यायचा आहे. पुस्तक परत गेल्यावर आठ जणींच्या टोपल्यांवर फडकं पुन्हा आलं आहे, कारण त्यांना दुसरी जागा नाही, आणि त्यांना फडकं काढा म्हणायचा मला हक्क नाही.

शेंगा कोवळ्या बघून काढल्या आहेत. दोन दातांना त्रास होणार नाही. मीठ घालून उकडाव्या.

आत्याबाई, लोभ मागत नाही या वेळी, तो आहे हे मला माहीत आहे. पिशवी परत पाठवाल तेव्हा मात्र रिकामी पाठवू नये.

तुमची,
अर्पिता